गाडी जागची हलत नाही

१९४८ : मिलफर्ड, सरे

खिडकी उघडी आहे आणि ती लावायची नाही, हा इथला पहिला नियम. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातल्या मिलफर्ड सॅनिटोरियममध्ये तुम्ही खाटेवर उताणे पडला आहात. अंगावर ब्लँकेटं आहेत, तरी बाहेरचा गार वारा पावलांना झोंबतोच. क्षयावर डॉक्टरांचा भरवसा अजून मुख्यतः तीन गोष्टींवर आहे: मोकळी हवा, सकस अन्न आणि पडून राहणं. स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष याच वर्षी छापून येतायत, पण ते औषध सगळ्यांच्या वाट्याला यायला अवकाश आहे. हा रोग मराठी माणसाला अनोळखी नाही. १९१९ मध्ये सावनेरला राम गणेश गडकऱ्यांना त्यानेच नेलं, वयाच्या ३३व्या वर्षी.

इथे दोन पोरांकडे लक्ष ठेवा. एक रे गॉल्टन, जेमतेम १८ वर्षांचा. दुसरा ॲलन सिम्प्सन, त्याच्याहून काही महिन्यांनी मोठा आणि सहा फूट चार इंच उंच. तो खोलीत शिरला की माना आपोआप वर होतात. एकाची नोकरी कामगार संघटनेच्या कचेरीत होती, दुसरा जहाजी मालाच्या कंपनीत कारकून होता. क्षय झाला नसता तर हे दोघे एकमेकांना कधी भेटलेच नसते.

इथला दिवस कसा जातो, ते तुम्हाला चार तासांत कळतं. ताप बघतात. थुंकी तपासायला नेतात. डॉक्टरांची फेरी येते आणि जाते. मग जेवणात काय असेल यावर चर्चा, जेवणात काय होतं यावर चर्चा, आणि पुन्हा छत. कोणी घरी कधी जाणार, हे कोणी सांगत नाही. कधी एखादी खाट सकाळी रिकामी दिसते आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. एकमेकांपासून पळता येत नाही, म्हणून माणसं एकमेकांना ओळखू लागतात. कोण बढाया मारतो, कोण रुसतो, कोण दुसऱ्याच्या ताटातल्या बटाट्यावर नजर ठेवून असतो, हे सगळं उघड होतं. तरुण माणसांना इथे हसू येतं ते या गोष्टींचं.

संध्याकाळी रेडिओ लागतो. दोघांनाही अमेरिकन विनोदी कार्यक्रमांचं वेड आहे. लष्करासाठी चालणाऱ्या अमेरिकन वाहिनीवर जॅक बेनी ऐकू येतो. बेनी बोलायचं थांबतो आणि लोक हसतात. हा काय प्रकार आहे, याचा विचार ही पोरं खाटेवर पडल्या पडल्या करत राहतात. वेळेला तर इथे तोटा नाही.

पुढच्या वर्षापर्यंत थांबा. रुग्णांनी स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र उभं केलंय, रेडिओ मिलफर्ड. तार थेट खाटांपर्यंत आलीय. गॉल्टन आणि सिम्प्सन त्यासाठी छोटे विनोदी कार्यक्रम लिहितात, विषय सॅनिटोरियमचाच. तुम्ही हेडफोन कानाला लावता, आणि तुमच्याच वॉर्डातला माणूस, तुमचंच जेवण, तुमचाच कंटाळा तुम्हाला ऐकू येतो. शेजारच्या खाटेवरून हसण्याचा आवाज येतो, मग पलीकडच्या. काही भाग लिहून झाले की दोघांकडचे विषय संपतात. पण जिथून हलता येत नाही अशा जागेतला माणूस खरा दाखवला, की तिथलेच लोक हसतात, हे त्यांना आता ठाऊक झालंय. त्यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या लेखनाचं मूळ मला इथे दिसतं.

फ्रँक म्युअर आणि डेनिस नॉर्डेन हे त्या काळचे नावाजलेले रेडिओ-लेखक. पोरं त्यांना पत्र टाकतात. उत्तर येतं: बीबीसीच्या स्क्रिप्ट-संपादकाकडे लेखन पाठवा. दोघे तेच करतात.

१९५१ : रिहर्सल

आता तुम्ही बीबीसीच्या एका रिहर्सलला मागच्या खुर्चीत बसलेले आहात. फुप्फुसं सावरली आहेत, दोघे घरी परतलेत, आणि डेरेक रॉय नावाच्या विनोदवीराला विनोद विकतायत. दर नगाला पाच शिलिंग. कार्यक्रमाचं नाव ‘हॅपी-गो-लकी’.

नीट ऐका, कारण हा जुना घाट थोड्याच वर्षांत मोडायचा आहे. विनोदवीर येतो, सुटे विनोद सांगतो. गायिका गाते. मग एक छोटी नाट्यछटा. पुन्हा गाणं. पुन्हा विनोद. त्या विनोदांना माणूस लागत नाही. रॉयचा विनोद उद्या दुसऱ्याने सांगितला तरी काही बिघडत नाही. म्हणूनच ते नगावर विकता येतात.

त्या नाट्यछटांत काम करणारा एक जाडसर, खांदे पाडून चालणारा नट आहे. टोनी हॅनकॉक. एका विनोदाला तो मान वर करतो, नंतर या दोन उंच पोरांपाशी येतो आणि हा तुम्ही लिहिलाय का, असं विचारतो. हो म्हटल्यावर, चांगला आहे, म्हणतो आणि पुढे जातो. भेट एवढीच. पण पुढची दहा वर्षं या तिघांची मिळून असणार आहेत.

पोरांच्या डोक्यात एक कल्पना आहे, आणि डेनिस मेन विल्सन या निर्मात्याला ती पटते. गाणी काढायची. सुटे विनोद काढायचे. पाहुणे काढायचे. अर्धा तास एकच गोष्ट, एकच माणूस, आणि जे काही हसू येईल ते त्याच्या स्वभावातून. २ नोव्हेंबर १९५४ रोजी ‘हॅनकॉक्स हाफ अवर’चा पहिला भाग बीबीसीच्या लाइट प्रोग्रामवर लागतो.

१९५५ : शेफर्ड्स बुश

जिने चढा. खाली भाजीचं दुकान आहे. कोबी-बटाट्यांचा वास पहिल्या मजल्यापर्यंत सोबत करतो आणि मग सुटतो, पण जिने संपत नाहीत. पाचव्या मजल्यावर लेखकांनी स्वतःची संस्था थाटली आहे, असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स. स्पाइक मिलिगन, एरिक साइक्स, गॉल्टन आणि सिम्प्सन हे तिचे संस्थापक. कचेरी सांभाळायला सिम्प्सनची शाळेतली मैत्रीण बेरिल व्हर्ट्यू आलीय. पुढे ती या लेखकांची एजंट होईल आणि त्याहीपुढे ब्रिटनमधल्या मोठ्या टीव्ही-निर्मात्यांपैकी एक. आज मात्र ती टाइप करतेय.

गॉल्टन-सिम्प्सनच्या खोलीत जाऊन भिंतीपाशी बसा. टाइपरायटर सिम्प्सनसमोर. कोरा कागद लावलेला. पुढे काय घडणार याचा आराखडा नाही. पहिलं वाक्य सापडलं की दुसरं शोधायचं, अशी यांची रीत.

दहा मिनिटं जातात. कोणी बोलत नाही. अर्धा तास जातो. तुम्हाला अवघडल्यासारखं होतं, काहीतरी बोलावंसं वाटतं. बोलू नका. तेवढ्यात एक जण एक वाक्य म्हणतो, पात्राच्या आवाजात, मोठ्याने. दुसरा गप्प राहतो. म्हणजे नाही. वाद नाही, समजावणं नाही, ते वाक्य तिथेच सोडून दिलं जातं. पुन्हा शांतता. मग दुसरं वाक्य येतं, आणि या वेळी समोरचा हसतो. बोटं चालू लागतात. दोघांना पटल्याखेरीज कागदावर एक शब्द चढत नाही.

या खोलीतली शिस्त बघून माझा ऊर भरून येतो. हंगामात आठवड्याला एक भाग द्यायचा आहे, कधी सलग वीस आठवडे. एवढा तगादा असताना घाई न करणं, पहिलं सुचलेलं न घेणं, आणि आपलं वाक्य जोडीदाराला आवडलं नाही तर मान दुखावू न देता ते टाकून देणं, हे सोपं नाही. ‘कोणी काय लिहिलं’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तरच उरत नाही. दोन माणसं एकाच खोलीत वर्षानुवर्षं शांत बसू शकतात, हे शिक्षण त्यांना कुठे मिळालं ते तुम्ही पाहिलेलं आहे.

आणि जो माणूस ते घडवतायत, त्याला ओळखून घ्या. पत्ता: २३ रेल्वे कटिंग्ज, ईस्ट चीम. नाव भारदस्त, खिसा रिकामा. वाचन अर्धवट, मतं पूर्ण. आपण याहून मोठ्या आयुष्याच्या लायकीचे आहोत, याची खात्री. जगाला ते अजून कळलेलं नाही, याचा राग. रेडिओवर त्याच्यासोबत सिड जेम्स आहे, ज्याला टोपी घालणं एवढाच धंदा माहीत. शिवाय बिल कर, विचित्र आवाज काढणारा केनेथ विल्यम्स, आणि पुढे हॅटी जॅक्सही येईल. महायुद्ध जिंकलेल्या पण त्यानंतरही नऊ वर्षं रेशनवर जगलेल्या या देशात तो माणूस घराघरांत असतो. १९५४च्या जुलैत मांसावरचं रेशन उठलं, तेव्हा कुठे रांगा संपल्या. स्वप्नं मोठी आणि वाटी छोटी, अशा माणसाची ब्रिटनला ओळख करून द्यावी लागत नाही.

१९५८ : रविवार दुपार

एप्रिल महिना. तुम्ही एका ब्रिटिश घरात जेवून रेडिओसमोर बसलात. ‘संडे आफ्टरनून ॲट होम’ हा भाग सुरू होतो.

काहीच घडत नाही. हॅनकॉक सुस्कारा टाकतो. शांतता. जांभई. शांतता. किती वाजले, याची चौकशी. पुन्हा शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे संकट. ऐकणारा समजतो की यंत्र बिघडलं आणि बटण फिरवतो. तरी लेखकांनी ती लिहिली आहे, निर्मात्याने ठेवली आहे आणि नटाने पेलली आहे.

तुमच्या आसपासची माणसं हसायला लागतात, कारण त्यांचा रविवार हाच आहे. दुकानं बंद, नाटकं बंद, बाहेर पाऊस. दुपारचं जेवण पोटात दगडासारखं. भिंतीवरच्या कागदाकडे टक लावून पाहिलं तर नक्षीत एका माणसाचा चेहरा दिसतो, हा त्या खोलीतला मोठा शोध. मग शेजारी येतो, कंटाळवाण्या गप्पा मारतो आणि जायचं नाव घेत नाही.

यात कोटी शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. शब्दांत पकडून दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगावं असं यात काही नाही. सांगायला गेलं तर माणूस एवढंच म्हणेल की तो कंटाळलेला होता. पण ऐकताना हसू आवरत नाही. १९५१ साली पाच शिलिंगला एक विनोद विकणारी हीच पोरं आता विनोदाशिवाय अर्धा तास हसवतात. सात वर्षांत त्यांनी एकेक करून किती गोष्टी काढून टाकल्या, ते मोजा. गाणी गेली, पाहुणे गेले, कोट्या गेल्या, शेवटी कथानकही जवळजवळ गेलं. उरला एक माणूस आणि त्याला बाहेर पडता न येणारी एक दुपार.

१९६१ : एकटा

रेडिओवरचा कार्यक्रम १९५६च्या जुलैपासून टीव्हीवरही सुरू झालाय, आणि निर्माता डंकन वुडचा कॅमेरा आता हॅनकॉकच्या चेहऱ्यावर जवळून थांबतो. तो चेहरा संपूर्ण देश ओळखतो. टीव्हीमुळे लेखकांना आणखी काही शब्द गाळता आले. जिथे भुवई पुरते तिथे वाक्य कशाला?

मे महिना. पडद्यावर भाड्याची एक खोली. हॅनकॉकने सिड जेम्सची जोडी सोडली आहे, त्याला एकट्याने उभं राहायचंय. लेखकांनी ते शब्दशः घेतलंय. ‘द बेडसिटर’ या भागात पूर्ण वेळ दुसरा माणूसच नाही. तो पडून राहतो. सिगारेटच्या धुराची वलयं काढायला जातो आणि ओठ भाजून घेतो. बर्ट्रांड रसेलचं पुस्तक उघडतो, शब्दकोश घेतो, आणि दोन्ही मिटतो. चुकीचा नंबर लागून एका तरुणीचा फोन येतो, पार्टीचं आमंत्रण मिळतं. तो नटतो, उजळतो, आता आयुष्य सुरू होणार असं त्याला वाटतं. आमंत्रण रद्द होतं. तो पुन्हा त्याच खोलीत.

पंचवीस मिनिटं, एक माणूस, एक खोली. टीव्हीवरच्या विनोदाने माणसाच्या एकटेपणाकडे इतकं थेट पाहिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

२३ जूनला ‘द ब्लड डोनर’ लागतो. रक्तदानाचं पुण्य पदरी पाडायला निघालेला हॅनकॉक किती रक्त काढणार हे ऐकून हबकतो. ब्रिटन तो भाग पिढ्यान्‌पिढ्या विसरणार नाही. पण तुम्ही नटाचे डोळे बघा. ते समोरच्या माणसावर स्थिर नाहीत, किंचित बाजूला सरकतायत. नुकताच त्याला मोटार-अपघात झालाय. पाठांतराला सवड मिळाली नाही, आणि संवाद कॅमेऱ्यांजवळ लिहून लावलेत. त्याला ते वाचावे लागतायत. लेखकांसाठी ही धोक्याची घंटा आहे. हजार शांततांतून निवडलेलं एकेक वाक्य, आणि ते म्हणणारा माणूस हळूहळू दूर चाललाय.

ऑक्टोबरपर्यंत तो गेलेलाच आहे. सिनेमासाठी त्यांनी महिनोन्‌महिने लिहिलेल्या संहिता हॅनकॉक नाकारतो आणि मग साथही सोडतो. सात वर्षांनी, जून १९६८ मध्ये, सिडनीत तो आत्महत्या करेल. आज हे कोणालाच माहीत नाही. तिशी गाठलेल्या दोन लेखकांपुढे मात्र आत्ताच प्रश्न उभा आहे: ज्याच्या आवाजात दहा वर्षं विचार केला, तो आवाज गेल्यावर लिहायचं कोणासाठी?

५ जानेवारी १९६२ : देकार

टॉम स्लोन हे बीबीसीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख. ते या दोघांना बोलावून म्हणतात की अर्ध्या तासाच्या दहा गोष्टी लिहा. विषय तुमचा, पात्रं तुमची, नट तुम्हाला हवे ते. मालिकेचं नाव ‘कॉमेडी प्लेहाउस’. विनोदी लेखकावर एवढा विश्वास टाकल्याची उदाहरणं टीव्हीच्या इतिहासात फार नाहीत, आणि त्या विश्वासाचं फळ आज संध्याकाळी तुमच्यासमोर येणार आहे.

चौथ्या भागाचं नाव ‘द ऑफर’, म्हणजे देकार. लिहिताना दोघे अडकले होते. दोन भंगारवाले घेऊन बघू, म्हणून त्यांनी सुरुवात केली. काही पानं झाल्यावर प्रश्न पडला की हे दोघे एकमेकांचे कोण? बाप-लेक. हे सापडलं आणि गोष्ट उभी राहिली.

कृष्णधवल पडदा. लंडनच्या शेफर्ड्स बुशमधलं भंगारचं आवार. म्हातारा ॲल्बर्ट स्टेप्टो आणि चाळिशीकडे झुकलेला त्याचा मुलगा हॅरॉल्ड. मुलगा घोडागाडी घेऊन दारोदार फिरतो, चिंध्या आणि मोडकं सामान गोळा करून आणतो. बाप घरी बसून त्यातली खोट काढतो. हॅरॉल्डला चांगलं वाचायचंय, चांगली दारू चाखायचीय, चांगल्या माणसांत बसायचंय. बापाला तो घरात हवा आहे. दोघांचंही बरोबर आहे, ही यातली अडचण.

नटांकडे बघा. विल्फ्रिड ब्रॅम्बेल आणि हॅरी एच. कॉर्बेट. दोघेही विनोदवीर नाहीत, नाटकातले कसलेले नट आहेत. कॉर्बेटचा जन्म रंगूनचा, घडण जोन लिटलवुडच्या नाट्यसंस्थेतली. खऱ्या वयात दोघांमध्ये १३च वर्षांचं अंतर आहे, पण पडद्यावर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हॅनकॉकनंतर लेखकांनी मुद्दाम नट निवडले, कारण नट हशा मोजत नाही, पात्राला काय वाटतंय ते बघतो.

शेवटची काही मिनिटं. हॅरॉल्डला दुसरीकडून देकार आलाय असं तो सांगतो. तो घर सोडणार. त्याने आपली मालमत्ता गाडीवर रचली आहे, सगळं इतरांनी टाकलेलंच सामान. बाप घोडा द्यायला नकार देतो. मग हॅरॉल्ड स्वतः गाडीला भिडतो. ढकलतो. ओढतो. पाय रोवून, दात खाऊन जोर लावतो. गाडी जागची हलत नाही.

आणि तो रडतो. खोटं खोटं, प्रेक्षकांकडे डोळा ठेवून रडणारे विनोदवीर गॉल्टन-सिम्प्सनने पुष्कळ पाहिलेत. कॉर्बेटच्या डोळ्यांत मात्र खरं पाणी आहे. ते पाहून खुद्द लेखक थक्क झाले होते. म्हातारा मुलापाशी येतो, त्याला चुचकारतो, घरात चहाला घेऊन जातो. त्याने लढाई जिंकली आहे आणि मुलाला जवळही घेतलंय, एकाच कृतीत.

मघापर्यंत तुम्ही हसत होतात. आता घशात काहीतरी आलंय. हसू आणि हुंदका एकाच प्रसंगातून निघाले, त्यांच्यामध्ये शिवण दिसत नाही. घर सोडावं असं मनापासून वाटलेला आणि बापाकडे बघून थांबलेला प्रत्येक माणूस ही गाडी ओळखतो. ती सामानाने जड झालेली नाही. ती प्रेमाने, कर्तव्याने, सवयीने आणि भीतीने जड झालेली आहे. हॅरॉल्डला ते कळतं, म्हणून तो रडतो.

याची मालिका करा, असं स्लोन म्हणतात. एका माणसाच्या आवाजात अडकून पडल्याचा अनुभव लेखकांना ताजा आहे, ते टाळाटाळ करतात. नट तयार असतील तर करू, असं म्हणून बघतात. नट तयार होतात. १९६२च्या जूनपासून ‘स्टेप्टो अँड सन’ सुरू होते.

१५ ऑक्टोबर १९६४ : मतदान

ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक आहे. तुम्ही एका कामगार वस्तीत आहात. मतदान रात्री ९ वाजता संपतं. मजुरी करणारे लोक कामावरून येऊन, जेवून मत द्यायला निघतात ते संध्याकाळी उशिराच.

आता स्टेप्टोचा प्रेक्षकवर्ग दोन कोटींच्या पुढे गेलाय. मतदानाच्या रात्री ऐन वेळेला जुन्या भागाचं पुनःप्रक्षेपण ठरलं होतं. मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांना धडकी भरली. आपले मतदार त्या वेळी टीव्हीसमोरून उठणार नाहीत! त्यांनी बीबीसीचे महासंचालक ह्यू ग्रीन यांना गाठलं, आणि ग्रीन यांनी तो भाग मतदान संपेपर्यंत पुढे ढकलला. विल्सन जिंकतात. बहुमत अवघं चार जागांचं.

भंगारवाल्या बाप-लेकाची गोष्ट पंतप्रधान ठरण्याच्या वाटेत येऊ शकते, असं देशातल्या एका मोठ्या नेत्याला वाटलं. अलीकडपर्यंत ब्रिटिश विनोदात मजूर माणूस बहुधा हसण्याचा विषय म्हणूनच येई. या दोन लेखकांनी त्याला मन दिलं, महत्त्वाकांक्षा दिली, आणि तो देशाच्या मध्यभागी येऊन बसला.

१९७२ : दोन देश, एक आवार

१४ जानेवारी. लॉस एंजेलिस. एनबीसी वाहिनीवर ‘सॅनफर्ड अँड सन’ सुरू होतेय. वस्ती वॉट्स, माणसं कृष्णवर्णीय, बाप रेड फॉक्स. मूळ कल्पना शेफर्ड्स बुशची. त्याआधी नेदरलंड्समध्ये या बाप-लेकांनी घर थाटलं आहे, पुढे स्वीडनमध्येही थाटतील. भाषा बदलली, रंग बदलला, घोडागाडीच्या जागी ट्रक आला. मुलाला जायचंय आणि जाता येत नाही, एवढं मात्र सगळीकडे जसंच्या तसं आहे.

त्याच वर्षी लंडनला परत या. टीव्हीवर रंग आलाय. ‘डिव्हायडेड वी स्टँड’मध्ये हॅरॉल्ड वैतागून घराच्या मधोमध भिंत घालतो, आणि भांडण टीव्हीच्या पडद्यापर्यंत पोचतं. ‘द डेस्परेट अवर्स’मध्ये तुरुंगातून पळालेले दोन कैदी घरात घुसतात. त्यांना पैसा हवा, अन्न हवं, गाडी हवी. स्टेप्टोंकडे यातलं काहीच धड नाही. रात्र चढते तसं कैद्यांना दिसू लागतं की कोठडी यांनाही आहे. तरुण कैदी म्हाताऱ्या कैद्याला ओढत नेतोय, हॅरॉल्ड बापाला. कैदी आणि यजमान एकमेकांकडे बघतात तेव्हा तुम्हाला मिलफर्डचा वॉर्ड आठवल्यावाचून राहत नाही.

आणि तुमच्या काळात

‘स्टेप्टो’ १९७४ मध्ये संपली. सिम्प्सनने १९७८ मध्ये लेखन थांबवलं, गॉल्टन जॉनी स्पाइटसोबत लिहीत राहिला. २०१६ मध्ये ब्रिटनच्या चित्रपट-टीव्ही अकादमीने, म्हणजे बाफ्टाने, दोघांना मिळून फेलोशिप दिली. सिम्प्सन फेब्रुवारी २०१७ मध्ये गेला, गॉल्टन ऑक्टोबर २०१८ मध्ये. ज्या रोगाने गडकऱ्यांना ३३व्या वर्षी नेलं, त्यातून हे दोघे उठले आणि ८७-८८ वर्षं जगले. विनोदाच्या दृष्टीने विसाव्या शतकावर झालेली ही मोठी कृपा आहे.

आता तुमच्या खोलीतला टीव्ही लावा. विनोदी कार्यक्रम आपल्याकडे भरपूर आहेत. मराठीतही आहेत, आणि त्यांतल्या नटांची तयारी अस्सल आहे. पण बहुतेक ठिकाणी घाट १९५१चा आहे: सुटे विनोद, मध्ये गाणं, पाहुणा, पुन्हा विनोद. दर काही सेकंदांना हशा पाहिजे म्हणून लेखकामागे तगादा. यात लेखकाचा दोष फारसा नाही. त्याला ती शांत खोली कोणी दिलेली नाही, वाक्य टाकून द्यायला वेळ दिलेला नाही, आणि काय हवं ते लिही म्हणणारा टॉम स्लोन त्याला भेटलेला नाही.

प्रेक्षक म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे. एखादं पात्र गप्प बसलं तर वाहिनी बदलू नका. त्याला कुठे जायचंय आणि तो का थांबलाय, एवढं बघा. हे ज्या लेखकाने खरेपणाने सांगितलं असेल, त्याचं नाव श्रेयनामावलीत वाचा, लक्षात ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यासाठी पुन्हा बसा. वाहिन्या तुमचं बसणं मोजतात. ते जर शांततेसाठी असेल, तर शांतता लिहिणाऱ्यांना काम मिळेल.